सरकीतील गॉसिपॉल : एका ॲरोमॅटिक संयुगाची स्फटिक-रचना

बीड जिल्ह्यातील धारूर तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेला असून मराठवाड्याच्या इतर पुष्कळ भागांप्रमाणे तेथेही खरिपात कापसाचे पीक घेतले जाते. वेचलेला कापूस जिनिंग कारखान्यात गेला म्हणजे रुई आणि सरकी वेगळी होते. रुई सूतगिरणीकडे जाते. सरकी तेलाच्या गिरणीकडे किंवा गोठ्याकडे. दुभत्या गाईम्हशींना भिजविलेली सरकी अथवा सरकीची पेंड घालण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. परंतु हीच पेंड कोंबड्यांच्या खाद्यात अधिक प्रमाणात मिसळली तर अंड्यातील बलक हिरवट-तपकिरी पडतो, डुकरांना ती बाधते, आणि ज्यांचे रवंथ अद्याप सुरू झालेले नाही अशा लहान वासरांनाही ती अपाय करते. सरकीच्या मगजात प्रथिने विपुल असूनही मनुष्याच्या नित्य आहारात तिला स्थान मिळू शकले नाही, ह्याचे मुख्य कारणही तेच आहे. हे कारण म्हणजे सरकीतील एक पिवळे रंगद्रव्य, गॉसिपॉल.

सरकीचा दाणा आडवा कापून पाहिला असता पांढुरक्या मगजात काळसर ठिपके दिसतात. त्या रंगग्रंथी होत, आणि गॉसिपॉल प्रामुख्याने त्यांत साठलेले असते. मगजातील त्याचे प्रमाण वाणानुसार बदलते. ते सामान्यतः एक टक्क्याच्या आसपास असते. एवढ्याशा द्रव्याने एका मोठ्या पिकाच्या बीजाचा उपयोग मर्यादित करून ठेवला आहे. हे द्रव्य कशाचे बनले आहे, हा प्रश्न रसायनशास्त्राने १९३८ पर्यंत बहुतांशी सोडविला. परंतु ते कसे वागते आणि तसे का वागते, ह्याचे उत्तर केवळ घटकांच्या यादीत नव्हते. ते रेणूच्या त्रिमितीय आकारात होते, आणि तो आकार स्पष्टपणे वाचता आला तो स्फटिकांच्या अभ्यासाने. प्रस्तुत लेखात ह्या स्फटिक-रचनेचा परिचय करून देण्याचा आणि तिचा सरकीच्या प्रश्नाशी असलेला संबंध दाखविण्याचा उद्देश आहे.

१. नाव आणि घटना

गॉसिपॉलचा पहिला उल्लेख १८८६ मधील आहे. इंग्लंडमध्ये लाँगमोर ह्याने सरकीच्या तेलाच्या शुद्धीकरणातून उरणाऱ्या गाळातून हे रंगद्रव्य अशुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १८९९ मध्ये पोलिश रसायनज्ञ लेऑन मार्चलेव्हस्की ह्याने ॲसिटिक अम्लाच्या साहाय्याने त्याचे स्फटिक तयार केले आणि त्याला आजचे नाव दिले. कापसाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘गॉसिपियम’ आणि रसायनवर्गाचे नाव ‘फिनॉल’ ह्या दोहोंच्या संयोगातून हा शब्द सिद्ध झाला आहे. मार्चलेव्हस्कीला मिळालेले स्फटिक हे शुद्ध गॉसिपॉलचे नसून गॉसिपॉल आणि ॲसिटिक अम्ल ह्यांचे संयुक्त स्फटिक होते, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. १९२० नंतरच्या दशकात क्लार्क ह्या अमेरिकन रसायनज्ञाने रेणुसूत्र निश्चित केले. त्यानुसार गॉसिपॉलच्या एका रेणूत कार्बनचे ३०, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे ८ अणू असतात. ह्या अणूंची जोडणी कशी आहे, हे इलिनॉय विद्यापीठातील रॉजर ॲडम्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत दाखवून दिले. १९५८ मध्ये एडवर्ड्स ह्याने केलेल्या संश्लेषणाने त्या निष्कर्षाला पुष्टी मिळाली.

गॉसिपॉल हे ॲरोमॅटिक वर्गातील संयुग आहे. ह्या संज्ञेचा मूळ अर्थ ‘सुगंधी’ असा असून, त्या वर्गातील प्रथम ज्ञात झालेली काही संयुगे सुवासिक राळांतून आणि तेलांतून मिळाली होती, म्हणून ती संज्ञा रूढ झाली. आज मात्र तिचा गंधाशी काहीएक संबंध उरलेला नाही. बेंझिनाप्रमाणे सपाट वलय असणारी, आणि ज्यांतील काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधाच्या मालकीचे नसून संपूर्ण वलयाचे असतात, अशी संयुगे आता ह्या नावाने ओळखली जातात. मराठीत ‘सुगंधी संयुगे’ असा शब्दशः पर्याय वापरला असता विद्यार्थ्याचे लक्ष नेमके त्या टाकून दिलेल्या अर्थाकडे जाते. म्हणून येथे मूळ संज्ञाच ठेविली आहे.

बेंझिनाची दोन वलये एका बाजूस जोडली म्हणजे नॅप्थॅलीन होते. कपड्यांच्या पेटीत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्यांत पूर्वापार हेच संयुग असे. गॉसिपॉलच्या रेणूत नॅप्थॅलिनाचे असे दोन एकसारखे अर्ध असून ते एकाच कार्बन-कार्बन बंधाने परस्परांस जोडलेले असतात. प्रत्येक अर्धावर तीन हायड्रॉक्सिल गट, एक आल्डिहाइड गट, एक मेथिल गट आणि तीन कार्बनांचा एक शाखायुक्त गट असतो. दोन अर्ध आणि मध्ये एक सांधा, एवढ्या साध्या आराखड्यात ह्या रेणूचे सर्व वैशिष्ट्य सामावलेले आहे.

२. स्फटिक वाचण्याची रीत

स्फटिकात रेणूंची मांडणी तिन्ही दिशांनी नियमित पुनरावृत्त होते. कापडावरील छापात जशी एकच नक्षी ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पुनरावृत्ती तिन्ही मितींत असते. पुनरावृत्त होणाऱ्या लहानात लहान भागास एकक कोशिका म्हणतात. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए ह्यांच्या कल्पनेनुसार झालेल्या प्रयोगात असे दिसून आले की, क्ष-किरण स्फटिकातून जाताना ठरावीक दिशांनी विवर्तित होतात. क्ष-किरणांची तरंगलांबी आणि अणूंमधील अंतरे ही जवळजवळ समान मापाची असल्यामुळे हे घडते. तांब्यापासून मिळणाऱ्या नेहमीच्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते, आणि बेंझिनातील दोन शेजारच्या कार्बनांमधील अंतर सुमारे १.३९ अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग होय.

विवर्तित किरणांच्या दिशांवरून एकक कोशिकेची मापे समजतात आणि त्यांच्या तीव्रतांवरून कोशिकेतील अणूंची स्थाने काढता येतात. मात्र ह्यात एक मोठी अडचण असते. तीव्रता मोजता येते, परंतु तरंगाची कला, म्हणजे तो कोणत्या टप्प्यावर आहे हे, नोंदले जात नाही. म्हणून प्रारंभीच्या संशोधकांना रेणूचा संभाव्य आकार आधी कल्पून, त्यापासून अपेक्षित तीव्रता काढून, प्रयोगाशी ताडून पाहावे लागे.

ॲरोमॅटिक संयुगांचे स्फटिक ह्या शास्त्राच्या बाल्यावस्थेतच अभ्यासास घेतले गेले, कारण रसायनशास्त्रातील एक जुना वाद त्यांवर अवलंबून होता. केकुले ह्यांनी १८६५ मध्ये बेंझिनाचे वलय सुचविले, तेव्हा त्यात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून मानले होते. तसे असेल तर बंधांची लांबीही आलटून पालटून कमीअधिक दिसली पाहिजे. इंग्लंडमध्ये कॅथलीन लॉन्सडेल ह्यांनी १९२९ मध्ये हेक्झामेथिल बेंझिनाच्या स्फटिकावरून सिद्ध केले की, वलय सपाट असून त्याच्या सहा बाजू समान आहेत. त्यानंतर थोड्याच काळात, १९३० मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ह्या संस्थेत केदारेश्वर बॅनर्जी ह्यांनी नॅप्थॅलीन आणि अँथ्रॅसीन ह्यांच्या स्फटिकांतील रेणूंची मांडणी निश्चित केली. सेंद्रिय स्फटिकांच्या अभ्यासाचा भारतातील आरंभ ह्याच वर्गापासून झाला, हे विशेष होय. १९३३ मध्ये रॉबर्टसन ह्यांनी ह्याच दोन संयुगांचे अधिक सूक्ष्म मापन केले. पुढील मापनांनी हेही दाखविले की, नॅप्थॅलिनातील सर्व बंध बेंझिनाप्रमाणे समान नसून ते सुमारे १.३७ ते १.४२ अँगस्ट्रॉम असे भिन्न आहेत. गॉसिपॉलचे अर्ध ह्याच कुळातील असल्यामुळे त्यांच्या वलयांतही अशीच विषमता आढळते.

३. पिळलेला रेणू

गॉसिपॉलच्या स्फटिकाचे वाचन केल्यावर पहिली गोष्ट दिसते ती अशी की, रेणूचे दोन अर्ध स्वतःपुरते जवळजवळ सपाट आहेत, परंतु ते एकमेकांच्या प्रतलात नाहीत. एक अर्ध आडवा धरला तर दुसरा जवळजवळ उभा राहतो. उघडलेल्या पुस्तकाची दोन पाने सपाट न पडता त्यांतील एक फिरून उभे राहावे, तसा हा आकार आहे. दोन अर्धांना जोडणारा बंध सुमारे दीड अँगस्ट्रॉम लांबीचा, म्हणजे वलयातील बंधांहून स्पष्टपणे लांब असतो. त्यावरून कळते की वलयांतील सामायिक इलेक्ट्रॉनांचा प्रवाह ह्या सांध्यातून फारसा पलीकडे जात नाही. दोन्ही अर्ध इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने बहुतांशी स्वतंत्र आहेत.

हा पीळ कशामुळे पडतो? सांध्याच्या दोन्ही अंगांस प्रत्येक अर्धावर एक मेथिल आणि एक हायड्रॉक्सिल असे दोन गट असतात. म्हणजे सांध्याभोवती एकूण चार गट दाटीने उभे आहेत. दोन्ही अर्ध एका प्रतलात येऊ लागले की हे गट एकमेकांवर आदळतात. त्यामुळे सांध्याभोवती पूर्ण फेरा घेणे रेणूस सामान्य तापमानास अशक्य होते. अशा रीतीने रोखलेल्या भ्रमणाचे पहिले प्रात्यक्षिक क्रिस्टी आणि केनर ह्यांनी १९२२ मध्ये बायफेनिल वर्गातील संयुगांवर दिले होते. रॉजर ॲडम्स हे स्वतः ह्या विषयाचे मोठे अभ्यासक होते.

भ्रमण रोखले गेले की एक महत्त्वाचा परिणाम अटळ होतो. पीळ उजवीकडे असू शकतो किंवा डावीकडे. आणि उजव्या पिळाचा रेणू फिरवून फिरवून कधीही डाव्या पिळाच्या रेणूशी एकरूप होत नाही. उजव्या व डाव्या पायाच्या वहाणा मापाने आणि कातड्याने सारख्या असूनही एकीच्या जागी दुसरी चालत नाही, तसेच हे आहे. दोन्ही रेणूंत अणू तेच, बंध तेच, सूत्र तेच. केवळ हात वेगळा. ह्यांना परस्परांची प्रतिबिंबरूपे म्हणतात. त्यांपैकी एक रूप ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते, म्हणून त्यास दक्षिणवलनी म्हणतात. दुसरे डावीकडे वळविते, ते वामवलनी.

रेणूतील दुसरी रचनाविशेषाची गोष्ट म्हणजे अंतर्गत हायड्रोजन बंध. आल्डिहाइड गटाचा ऑक्सिजन आणि त्याच्या शेजारच्या हायड्रॉक्सिलाचा ऑक्सिजन ह्यांमधील अंतर स्फटिकात अवघे अडीच अँगस्ट्रॉमच्या आसपास असते. एवढे लहान अंतर हे बळकट हायड्रोजन बंधाचे चिन्ह होय. ह्या बंधामुळे आल्डिहाइड गट वलयाच्याच प्रतलात जखडून राहतो, आणि रेणूच्या कडेला जणू आणखी एक वलय तयार होते.

४. तीन द्रवांक आणि पाहुणे रेणू

गॉसिपॉलविषयी एक जुने कोडे असे होते की, एका शुद्ध पदार्थास एक द्रवांक असावा हा सर्वसाधारण नियम ते पाळीत नसे. ॲडम्स ह्यांच्या प्रयोगशाळेने १९३७ मध्ये नोंदविले की, ईथरमधून मिळविलेले गॉसिपॉल १८४ अंश सेल्सिअसला वितळते, क्लोरोफॉर्ममधून मिळविलेले १९९ अंशांना, आणि लिग्रॉईन ह्या पेट्रोलियमाच्या हलक्या अंशातून मिळविलेले २१४ अंशांना. रासायनिक पृथक्करणात मात्र तिन्ही एकच ठरत.

ह्याचे स्पष्टीकरण स्फटिक-रचनेत मिळते. पिळलेला आणि कडेकडेने हायड्रॉक्सिल गट असलेला हा रेणू दुसऱ्या रेणूंशी घट्ट रचून बसू शकत नाही. नॅप्थॅलिनाचे सपाट रेणू दाटीवाटीने मांडता येतात. गॉसिपॉलचे रेणू मांडले की मध्ये पोकळ्या राहतात. निसर्गाला पोकळी मानवत नाही, म्हणून विद्रावकाचे रेणू त्या पोकळ्यांत पाहुणे म्हणून शिरतात. विद्रावक बदलला की पोकळीचा आकार बदलतो आणि त्याबरोबर संपूर्ण स्फटिकाची ठेवणही बदलते. मार्चलेव्हस्कीच्या हाती आलेले स्फटिक अशाच प्रकारचे होते. त्यांत गॉसिपॉलच्या प्रत्येक रेणूमागे ॲसिटिक अम्लाचा एक रेणू असतो.

ह्या विषयाचे सर्वांत विस्तृत संशोधन कापसाच्याच दुसऱ्या एका मोठ्या प्रदेशात, उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद येथे, तेथील विज्ञान अकादमीच्या जैव-सेंद्रिय रसायन संस्थेत झाले. १९८० च्या दशकापासून इब्रागिमोव्ह, तालिपोव्ह आणि त्यांचे सहकारी ह्यांनी निरनिराळ्या विद्रावकांतून गॉसिपॉलचे स्फटिक मिळवून त्यांच्या रचना काढल्या. अशा यजमान-पाहुणे संयुगांची संख्या शंभराच्या पुढे गेलेली आहे. त्यांपैकी पुष्कळांत एक समान घडण आढळते. उजव्या पिळाचा एक रेणू आणि डाव्या पिळाचा एक रेणू समोरासमोर येऊन हायड्रोजन बंधांनी जोडले जातात, आणि त्या जोडीच्या मध्यबिंदूशी सममितीचे केंद्र असते. अशा जोड्या पुढे रांगांत किंवा थरांत रचल्या जातात आणि त्यांच्या मधल्या बोगद्यांत वा कप्प्यांत पाहुणे बसतात. डायक्लोरोमिथेनाच्या बाबतीत तर पाहुणे उडून गेल्यावरही यजमान रेणूंची चौकट ढासळत नाही. बोगदे रिकामे राहतात. सेंद्रिय स्फटिकांत ही स्थिती विरळाच आढळते.

ह्या ज्ञानाचा एक व्यावहारिक उपयोग येथेच नमूद केला पाहिजे. गॉसिपॉलचा रेणुभार सुमारे ५१८.६ आणि ॲसिटिक अम्लाचा सुमारे ६०. म्हणजे दोहोंच्या संयुक्त स्फटिकात वजनाच्या सुमारे १०.४ टक्के भाग ॲसिटिक अम्लाचा असतो. औषधी वा पशुवैद्यकीय प्रयोगात ह्या स्फटिकाचे १०० मिलिग्रॅम दिले तर गॉसिपॉल मात्र सुमारे ८९.६ मिलिग्रॅमच दिले जाते. ही वजावट न करता दोन प्रयोगांच्या मात्रांची तुलना केल्यास दशांशाइतकी चूक आपोआप शिरते.

५. दोन हात वेगळे करणे

कापसात गॉसिपॉलची दोन्ही प्रतिबिंबरूपे एकत्र आढळतात. दोहोंचे प्रमाण समसमान असले म्हणजे एकाचे वलन दुसरे रद्द करते आणि मिश्रण प्रकाशाचे प्रतल वळवीत नाही. अशा मिश्रणास रॅसेमिक म्हणतात. ॲडम्स ह्यांनी ठरविलेल्या घटनेवरून गॉसिपॉल दोन हातांचे असणार, हे तर्काने दिसत होते. परंतु एका हाताचे गॉसिपॉल निसर्गातून प्रथम मिळाले ते १९६८ मध्ये, आणि तेही कापसातून नव्हे. किंग आणि डी सिल्वा ह्यांना ते कापसाच्याच कुलातील एका वृक्षात सापडले. हा वृक्ष म्हणजे आपल्या किनारपट्टीवर भेंड किंवा परसपिंपळ ह्या नावांनी ओळखला जाणारा वृक्ष होय. त्यातील गॉसिपॉल दक्षिणवलनी आहे.

रॅसेमिक गॉसिपॉल नुसते स्फटिकरूपात आणल्याने दोन हात वेगळे होत नाहीत, ह्याचे कारण वर सांगितलेल्या जोडीत आहे. जोडी बनण्यासाठी उजवा व डावा असे दोन्ही रेणू लागतात, म्हणून प्रत्येक स्फटिकात दोन्ही हात समप्रमाणात कोंडले जातात. सममितीच्या दृष्टीने पाहता स्फटिकांच्या मांडणीचे एकंदर २३० प्रकार संभवतात. त्यांपैकी केवळ ६५ प्रकारांत एकाच हाताचे रेणू बसू शकतात. उरलेल्या सर्वांत प्रतिबिंब किंवा केंद्र ह्यांसारखी अशी एखादी सममिती असते की, एका हातासोबत दुसरा हात आलाच पाहिजे.

म्हणून प्रथम रासायनिक मार्ग शोधले गेले. आल्डिहाइड गट अमाइनांशी सहज जोडला जातो. एकाच हाताचे प्रकाशवलनी अमाइन गॉसिपॉलच्या दोन्ही रूपांस जोडले की मिळणारी संयुगे आता एकमेकांची प्रतिबिंबे राहत नाहीत. त्यांचे गुणधर्म वेगळे होतात आणि ती वेगळी करता येतात. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संपत आणि बलराम ह्यांनी १९८६ मध्ये ह्याच तत्त्वावरची एक जलद पद्धती प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथील कृषिसंशोधन केंद्रात डाउड ह्यांनी असे दाखविले की, थंड ॲसिटोनमधून गॉसिपॉलचे स्फटिक वेगळ्याच रीतीने बनतात. त्यांत गॉसिपॉलच्या एका रेणूमागे ॲसिटोनाचे तीन रेणू असतात आणि प्रत्येक स्फटिक एकाच हाताचा असतो. पाहुणा बदलला आणि उजव्या-डाव्याची जोडी फुटली. १८४८ मध्ये पाश्चरने टार्टारिक अम्लाच्या लवणाचे स्फटिक चिमट्याने निवडून दोन हात वेगळे केले होते. त्याच प्रकारची घटना येथे पुन्हा दिसून आली.

ह्या ठिकाणी नाव आणि रूप ह्यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘दक्षिणवलनी’ हे प्रकाशावर होणाऱ्या परिणामाचे नाव आहे, पिळाच्या दिशेचे नव्हे. उजवीकडे प्रकाश वळविणारा रेणू उजव्या पिळाचाच असेल असे नावावरून मानता येत नाही. तो संबंध स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. १९५१ मध्ये नेदरलँड्समध्ये बैफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने असा संबंध टार्टारिक अम्लाच्या लवणात प्रथम सिद्ध केला, परंतु त्यासाठी स्फटिकात जड अणू असणे सोयीचे असते. गॉसिपॉलमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच हलके अणू असल्याने उजव्या आणि डाव्या स्फटिकांचे विवर्तन नेहमीच्या मापनात जवळजवळ सारखेच दिसते. म्हणून हा प्रश्न प्रकाशीय मापनांनी, आणि १९९७ मध्ये मेयर्स व विलेमसन ह्यांनी केलेल्या एकाच हाताच्या संश्लेषणाने सोडविला गेला. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार दक्षिणवलनी गॉसिपॉलच्या रूपास ‘एस’ आणि वामवलनीच्या रूपास ‘आर’ ही अक्षरे लावतात.

६. हाताचे परिणाम

दोन हातांतील भेद केवळ प्रकाशापुरता असता तर तो प्रयोगशाळेतच राहिला असता. परंतु सजीवांच्या शरीरातील प्रथिने स्वतः एकाच हाताच्या घटकांची बनलेली असतात, म्हणून त्यांना गॉसिपॉलचे दोन हात दोन वेगळे पदार्थ वाटतात.

ह्याचा अनुभव चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आला. कच्चे, न शुद्ध केलेले सरकीचे तेल खाणाऱ्या काही खेड्यांत अपत्ये होत नाहीत, असे तेथील वैद्यकीय निरीक्षकांना आढळले आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९७० च्या दशकात गॉसिपॉल हे पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक औषध म्हणून आठ हजारांहून अधिक व्यक्तींना देऊन पाहण्यात आले. ते परिणामकारक ठरले. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक प्रमाणात कमी झाले आणि काहींची प्रजननक्षमता औषध थांबविल्यावरही परत आली नाही. शेवटी तो मार्ग सोडून देण्यात आला. हे सर्व प्रयोग दोन्ही हातांच्या मिश्रणावर झाले होते. प्राण्यांवरील नंतरच्या अभ्यासांत असे दिसून आले की, शुक्रनिर्मितीवरील परिणाम मुख्यतः वामवलनी रूपाचा आहे. कर्करोगाच्या पेशींवरील प्रभावही वामवलनी रूपात अधिक आढळला आणि त्या रूपाच्या ॲसिटिक अम्लयुक्त स्फटिकाची ‘एटी-१०१’ ह्या नावाने रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. तिचे यश मात्र मर्यादित राहिले.

कोंबड्यांच्या पिलांवरील प्रयोगांतही वाढ खुंटविणारा परिणाम वामवलनी रूपात अधिक दिसला. ह्याउलट, बोंडअळीच्या वर्गातील एका अमेरिकन अळीवर केलेल्या प्रयोगांत दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच परिणामकारक ठरली. ह्या दोन निष्कर्षांना एकत्र ठेवले की त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. गॉसिपॉल हे कापसाच्या झाडाचे किडीविरुद्धचे शस्त्र आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मॅकमायकेल ह्याने रंगग्रंथीच नसलेल्या कापसाचा शोध लावला, तेव्हा सरकीचा प्रश्न सुटला असे वाटले होते. परंतु असे झाड किडींना सहज बळी पडते, म्हणून ते शेतात टिकले नाही. विष काढून टाकले की संरक्षणही जाते, असा हा पेच होता. दोन हातांच्या ज्ञानाने त्यातून एक वाट दिसते. दक्षिणवलनी रूप ठेवून वामवलनी रूप कमी केलेला कापूस अळीला आवरील आणि कोंबडीला कमी बाधेल. अशा कापसाची शक्यता काल्पनिक नाही. वनस्पतीत दोन अर्धांची जोडणी होताना विशिष्ट प्रथिने पिळाची दिशा प्रभावित करतात, आणि कापसाच्या काही वाणांत नव्वद टक्क्यांहून अधिक गॉसिपॉल दक्षिणवलनी आढळलेले आहे.

दुसरी वाट जनुकशास्त्राची आहे. टेक्सासमधील कीर्ती राठोड ह्यांनी २००६ मध्ये असा कापूस सिद्ध केला की, ज्याच्या पानाफांद्यांत गॉसिपॉल राहते, परंतु बियांत ते अत्यल्प होते. अमेरिकन शासनाने २०१८ मध्ये त्याच्या लागवडीस मोकळीक दिली आणि २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या बियांचा अन्न व पशुखाद्य म्हणून उपयोग करण्यास हरकत नसल्याचे कळविले.

७. पेंडीतील गॉसिपॉल

सध्या प्रचारात असलेल्या सरकीचे काय, हा प्रश्न उरतो. येथेही उत्तर रेणूच्या रचनेतूनच मिळते. आल्डिहाइड गट जसा प्रयोगशाळेतील अमाइनांशी जोडला जातो, तसाच तो प्रथिनांतील लायसीन ह्या घटकाच्या अमाइन गटाशीही जोडला जातो. सरकी ओलावा देऊन तापविली की ही क्रिया वेगाने होते आणि ‘मुक्त’ गॉसिपॉलचे रूपांतर ‘बद्ध’ गॉसिपॉलमध्ये होते. बद्ध गॉसिपॉल आतड्यातून फारसे शोषले जात नाही, म्हणून ते कमी अपायकारक असते. गाईम्हशींच्या पहिल्या पोटात अशीच बद्धता घडून येते. त्यांना सरकी मानवते ती ह्यामुळे. वासराचे ते पोट अद्याप कार्यक्षम झालेले नसल्याने त्याला हे संरक्षण मिळत नाही.

परंतु ह्या उपायास किंमत द्यावी लागते. गॉसिपॉलने धरून ठेवलेले लायसीन प्राण्यालाही मिळत नाही. म्हणजे उष्णतेने विष बांधले जाते, त्याबरोबर प्रथिनाचा एक मोलाचा घटकही बांधला जातो. म्हणूनच पेंडीची प्रत केवळ एकूण प्रथिनांच्या टक्केवारीवर ठरविणे अपुरे होय. मुक्त गॉसिपॉल किती आणि उपलब्ध लायसीन किती, ही दोन्ही मापे पाहिली पाहिजेत. आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी तर गॉसिपॉलच्या दोन हातांचे प्रमाणही विचारात घेतले पाहिजे. सामान्य रासायनिक चाचणीत दोन्ही हात एकच दिसतात. ते वेगळे मोजण्यासाठी पुन्हा एका हाताच्या अमाइनाचाच आश्रय घ्यावा लागतो.

नागपूर येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि परभणीचे १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ ह्या दोन्ही संस्था ह्याच कापूसपट्ट्यात आहेत. वाणांच्या निवडीत रुईचा उतारा, धाग्याची लांबी आणि किडींना दाद न देण्याचा गुण ह्यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. त्यांच्या जोडीला सरकीतील दोन प्रतिबिंबरूपांचे प्रमाण ही एक नोंद असावी, असे ह्या सर्व संशोधनातून सुचते. धारूरसारख्या कोरडवाहू तालुक्यात कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकी हा दुय्यम माल असला, तरी तो रुईपेक्षा वजनाने अधिक असतो. त्या मालाचे मोल ठरविणारे कारण एका कार्बन-कार्बन सांध्याच्या पिळात आहे, एवढी गोष्ट स्फटिक-रचनेच्या अभ्यासाने निःसंशय सिद्ध केली आहे.